टोर्नेडो की सरळ वारा? वादळानंतरच्या खुणा कशा वाचाव्यात

गडगडाटी वादळ येऊन गेल्यावर झाडे आडवी झालेली, छपरे उडालेली आणि विजेचे खांब वाकलेले दिसले की अमेरिकेच्या मध्य व पूर्व भागात पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा गरगर फिरणारा टोर्नेडो होता की नुसता सरळ वाहणारा वारा? तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेची पथके दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष जागेवर जातात आणि पडझडीची पाहणी करून याचे उत्तर देतात. त्यांच्या पाहणीमागचे तत्त्व सोपे आहे आणि थोड्या सरावाने ते कोणालाही वापरता येते. त्यासाठी एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करावी लागते. नुकसान किती झाले यावरून वादळाचा प्रकार कळत नाही. वस्तू कोणत्या दिशांना पडल्या आणि त्या दिशांचा एकमेकींशी काय संबंध आहे, यावरून तो कळतो.

हे पटण्यासाठी काही आकडे पाहावेत. अमेरिकेत २००७ पासून टोर्नेडोची तीव्रता सुधारित फुजिता श्रेणीने सांगितली जाते. या श्रेणीतली सर्वांत खालची पायरी ताशी १०५ ते १३७ किलोमीटर वेगाची, तिच्या वरची १३८ ते १७७ किलोमीटरची, आणि सर्वांत वरची ३२२ किलोमीटरच्या पुढची आहे. बहुतेक टोर्नेडो खालच्या दोन पायऱ्यांतच बसतात. दुसरीकडे, १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवा राज्यातून गेलेल्या वादळात सीडर रॅपिड्स शहराच्या परिसरात सरळ वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर असावा, असा अंदाज पडझडीवरून काढला गेला. टोर्नेडोच्या श्रेणीत हा वेग खालून चौथ्या, म्हणजे २१८ ते २६६ किलोमीटरच्या पायरीत जातो. शिवाय टोर्नेडो एका अरुंद पट्ट्यावरून निघून जातो, तर या वादळाने सुमारे १४ तासांत सुमारे १,२४० किलोमीटरचा प्रवास केला आणि वाटेतली घरे, झाडे व मक्याची शेते आडवी केली. म्हणूनच ‘नुसता वारा होता’ हे शब्द मला धोकादायक वाटतात. ते ऐकून पुढच्या वेळी कोणीतरी खिडकीशी उभे राहून वादळ पाहत बसतो.

हवा आत येते की बाहेर जाते

गडगडाटी ढगात हवेचे दोन मुख्य प्रवाह असतात: उबदार, दमट हवेचा वर चढणारा आणि गार हवेचा खाली उतरणारा. टोर्नेडोचा संबंध पहिल्याशी आहे. वर चढणाऱ्या हवेला फिरण्याची गती मिळालेली असेल आणि त्या फिरण्याचा घेर जमिनीजवळ आक्रसत गेला, तर वेग वाढत जातो आणि ढगापासून जमिनीपर्यंत पोचणारा, गरगर फिरणारा हवेचा स्तंभ तयार होतो. जमिनीलगतची हवा फिरता फिरता त्याच्या मध्याकडे ओढली जाते. उत्तर गोलार्धातले बहुतेक टोर्नेडो वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. पुढे खुणा वाचताना ही माहिती लागणार आहे.

सरळ वाऱ्याचा उगम दुसऱ्या प्रवाहात आहे. ढगातून पडणारे थेंब कोरड्या हवेतून येताना अंशतः वाफ होऊन जातात, गारा वितळतात, आणि या दोन्ही क्रियांना लागणारी उष्णता आजूबाजूच्या हवेतूनच घेतली जाते. त्यामुळे ती हवा गार व जड होते. तिच्यावर पडणाऱ्या पाण्याचा व गारांचा भार असतोच. आणि मग ती वेगाने खाली कोसळते. जमिनीवर आदळल्यावर फरशीवर बादलीभर पाणी ओतावे तशी ती चहूकडे पसरते. याला डाउनबर्स्ट म्हणतात. त्याच्या वाऱ्याचा फैलाव चार किलोमीटरच्या आत असेल तर तो मायक्रोबर्स्ट आणि त्याहून मोठा असेल तर मॅक्रोबर्स्ट. वादळांची लांब रांग असे झोत एकामागून एक सोडत शेकडो किलोमीटर पुढे सरकत राहिली, तर तिला डेरेको म्हणतात. आयोवातले वादळ या जातीचे होते.

पुढची सगळी पाहणी या एका फरकावर उभी आहे. टोर्नेडोत जमिनीलगतची हवा आत ओढली जाते, डाउनबर्स्टमध्ये ती बाहेर फेकली जाते, आणि पडलेली झाडे ही त्या हालचालीची नोंद असते.

ही नोंद वाचायला जगाला शिकवले ते तेत्सुया फुजिता यांनी. १९२० साली जपानमध्ये जन्मलेले फुजिता ऑगस्ट १९४५ मध्ये कोकुरा शहराच्या परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होते. ९ ऑगस्टच्या अणुबॉम्बचे ठरलेले लक्ष्य कोकुरा हेच होते. शहर ढगांनी व धुराने झाकलेले असल्यामुळे विमान नागासाकीकडे वळले. पुढे फुजितांनी नागासाकी आणि हिरोशिमा येथील विध्वंसाची पाहणी केली आणि स्फोटाखालच्या बिंदूपासून झाडे चहूकडे बाहेरच्या दिशेने कशी पडली होती ते पाहिले. नंतर ते शिकागो विद्यापीठात गेले. १९७१ मध्ये त्यांनी टोर्नेडोच्या तीव्रतेची मूळ श्रेणी मांडली. ३ व ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत अमेरिकेत १४८ टोर्नेडो झाले, तेव्हा त्यांनी विमानातून त्या मार्गांची पाहणी केली. वेस्ट व्हर्जिनियातल्या जंगलावरून जाताना त्यांना झाडांची अशी मांडणी दिसली, जी कोणत्याही आवर्तात बसत नव्हती: एका बिंदूपासून सर्व दिशांना बाहेर पडलेली झाडे. नागासाकीचा नमुना त्यांच्या डोक्यात होताच. फिरणारा वारा असे करू शकत नाही. वरून आदळून पसरणारा वारा मात्र करू शकतो, हे त्यांनी ओळखले.

पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ रोजी, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरणारे ईस्टर्न एअर लाइन्सचे ६६ क्रमांकाचे विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि ११३ माणसे मरण पावली. फुजितांनी नोंदी तपासून ते विमान अशाच झोतात सापडल्याचे मांडले. अनेक हवामानशास्त्रज्ञांना ते मान्य नव्हते. १९७८ मध्ये शिकागोजवळ हवेची हालचाल दाखवणारे डॉप्लर रडार लावून केलेल्या प्रयोगात असे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. तरीही २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसजवळ डेल्टाचे १९१ क्रमांकाचे विमान मायक्रोबर्स्टमध्ये सापडून १३७ जण मरण पावले. त्यानंतरच प्रवासी विमानांत वाऱ्यातला असा अचानक बदल ओळखणारी यंत्रणा सक्तीची झाली. झाडे कोणत्या दिशेला पडली हे बारकाईने पाहण्याच्या एका माणसाच्या सवयीमुळे पुढे किती जीव वाचले असतील, याचा विचार मी ही पद्धत सांगताना नेहमी करतो.

प्रत्यक्ष पाहणी

पडझडीच्या भागात जाण्याआधी तारांमधला वीजप्रवाह बंद झाल्याची, गॅसगळती नसल्याची आणि डोक्यावर अर्धवट तुटलेल्या फांद्या लोंबकळत नसल्याची खात्री करावी. ज्यांचे घर गेले आहे त्यांना आधी मदत करावी, मग परवानगी मागून नोंद घ्यावी. मात्र फार उशीर करून चालत नाही. रस्ते मोकळे करण्याचे काम लगेच सुरू होते, आणि एकदा झाड कापून बाजूला ओढले की त्याची दिशा कायमची हरवते. म्हणून काहीही हलवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक छायाचित्र कोणत्या दिशेला तोंड करून घेतले ते टिपून ठेवावे.

पडलेल्या प्रत्येक झाडासाठी बुंध्याकडून शेंड्याकडे जाणारी दिशा मोबाइलमधल्या होकायंत्राने मोजावी आणि नकाशावर त्या जागी तसा बाण काढावा. लोखंडी पत्रे किंवा मोटारगाडी जवळ असल्यास होकायंत्र चुकीची दिशा दाखवते, म्हणून थोडे दूर उभे राहून मोजावे. उडालेल्या पत्र्यांसाठी ते मुळात कुठे होते आणि कुठे सापडले, या दोन जागा जोडणारा बाण काढावा.

नवख्या माणसाचे पाय सहज पडझडीच्या पट्ट्याच्या लांबीने पुढे पुढे जातात. त्यातून फारसे हाती लागत नाही. पट्ट्याला आडवे चालावे, एका कडेच्या शाबूत झाडांपासून दुसऱ्या कडेच्या शाबूत झाडांपर्यंत, आणि असे निरनिराळ्या ठिकाणी करावे. दोन्ही कडांवरचे बाण मधल्या एका रेषेकडे झुकलेले असतील तर हवा आत ओढली गेली होती, म्हणजे टोर्नेडोची शक्यता मोठी. सगळे बाण जवळजवळ समांतर असतील किंवा पुढे जाताना एकमेकांपासून दूर होत असतील, तर हवा बाहेर पसरत होती.

खरी अडचण येते ती वेगाने पुढे सरकणाऱ्या दुर्बळ टोर्नेडोच्या बाबतीत. टोर्नेडो जागेवर उभा राहून फिरत नाही. तो पुढे जात असतो आणि त्याच्या पुढे जाण्याचा वेग फिरण्याच्या वेगात मिसळतो. उलट्या काट्याने फिरणाऱ्या टोर्नेडोच्या उजव्या अंगाला हे दोन्ही वेग एकाच दिशेचे असल्यामुळे त्यांची बेरीज होते, आणि डाव्या अंगाला ते एकमेकांविरुद्ध असल्यामुळे वजाबाकी होते. परिणामी उजवीकडे नुकसान जास्त आणि जवळजवळ सगळी झाडे पुढच्या दिशेला पडलेली दिसतात, तर डावीकडे नुकसान थोडे असते. घाईने पाहणारा माणूस ‘सगळी झाडे एकाच दिशेला आहेत’ असे म्हणून सरळ वाऱ्याचा निर्णय देतो. अशा वेळी डाव्या कडेला जाऊन वादळाच्या चालीच्या उलट, म्हणजे मागे तोंड करून पडलेले झाड शोधावे. दुसऱ्या झाडाचा किंवा तारेचा धक्का न लागता पडलेली अशी काही झाडे सापडली, तर ती शेकडो समांतर झाडांपेक्षा जास्त सांगतात.

एकावर एक पडलेली झाडेही काळजीपूर्वक पाहावीत. खालचे झाड आधी पडले आणि वरचे नंतर, एवढे तरी निश्चित असते. पूर्वेकडे जाणारा टोर्नेडो जवळ येत असताना त्याच्या मार्गावरच्या झाडांवर वारा साधारण दक्षिणेकडून येतो, आणि तो ओलांडून गेल्यावर उत्तरेकडून. त्यामुळे खालचे झाड उत्तरेकडे आणि वरचे दक्षिणेकडे पडलेले दिसले, तर वाऱ्याने थोड्या वेळात दिशा उलटी केल्याची ती खूण समजावी.

पट्ट्याच्या आकाराचाही उपयोग होतो, पण मर्यादित. टोर्नेडोचा पट्टा बहुधा काही दहा ते काही शे मीटर रुंद, लांब आणि स्पष्ट कडांचा असतो. सरळ वाऱ्याचा पट्टा किलोमीटरच्या हिशेबात रुंद असतो आणि त्याच्या कडा हळूहळू विरत जातात. तरी केवळ रुंदीवर निर्णय देऊ नये, कारण ओक्लाहोमा राज्यातील एल रिनो येथे ३१ मे २०१३ रोजी झालेला टोर्नेडो ४ किलोमीटरहून अधिक रुंद होता. रुंदीपेक्षा वेळा अधिक विश्वासार्ह असतात. कोणत्या वस्तीतली वीज किती वाजता गेली आणि दुकानांच्या कॅमेऱ्यांत वाऱ्याचा जोर केव्हा दिसतो, हे नकाशावर लिहावे. रुंद भागात एकाच सुमारास सगळीकडे जोर आला असेल तर ते वादळाच्या पुढे पसरत येणाऱ्या गार हवेच्या आघाडीचे लक्षण आहे. वेळा एका अरुंद रेषेवर क्रमाने पुढे सरकत असतील तर टोर्नेडोचे.

फसवणारे पुरावे

पिळवटलेले खोड दिसले की लोक लगेच टोर्नेडोचे नाव घेतात. हा पुरावा फार दुबळा आहे. झाडाचा विस्तार एका बाजूला जास्त असला की सरळ वाराही त्याला पिळून मोडतो. आगगाडीसारखा आवाज आला, ही साक्ष प्रामाणिक असते, पण ताशी दीडशे किलोमीटरचा कोणताही वारा तसा आवाज करू शकतो. एक घर गेले आणि शेजारचे वाचले, यावरूनही काही ठरत नाही. छप्पर भिंतींना कसे जखडले होते हे आधी पाहावे लागते. खांबांची ओळ पडली असेल तर त्यातले एक-दोन वाऱ्याने आणि बाकीचे तारांच्या ओढीने पडलेले असू शकतात, म्हणून ती सगळी ओळ एकच पुरावा मानावी.

छप्पर वर उचलले गेले याचा अर्थ आवर्ताने ते खेचले असाही होत नाही. छपरावरून वाहणारा कोणताही जोरदार वारा वरच्या बाजूला ओढ निर्माण करतो, आणि खिडकी किंवा गॅरेजचे दार फुटून वारा आत शिरला की आतूनही दाब पडतो. दोन्ही मिळून छप्पर उठते आणि मग भिंती ढासळतात. टोर्नेडोतल्या कमी दाबामुळे घरे आतून फुटतात, म्हणून खिडक्या उघडाव्यात, असे पूर्वी सांगितले जाई. ते चुकीचे आहे. त्यात जाणारा वेळ जिवावर बेतू शकतो.

आणखी एक शक्यता नेहमी डोळ्यांसमोर असावी: दोन्ही प्रकार एकाच वादळात येतात. रुंद सरळ वाऱ्याच्या पडझडीत मधेच टोर्नेडोचा एक अरुंद माग सापडणे नवलाचे नाही, आणि आयोवातल्या त्या वादळातही काही दुर्बळ टोर्नेडो होते. म्हणून एका गल्लीतला निष्कर्ष सगळ्या गावाला लावू नये.

आकाश आणि रडार

वादळ दिसत असताना सर्वाधिक गोंधळ उडतो तो पावसाच्या पुढे सरकणाऱ्या, लांबलचक, काळपट ढगाच्या कडेमुळे. ती गार हवेची आघाडी असते. ती आडवी पसरलेली असते आणि तिच्याखाली सोसाट्याचा वारा येतो. टोर्नेडो बहुधा पावसाच्या मुख्य पडद्यापासून बाजूला, ढगाच्या कोरड्या तळातून खाली उतरलेल्या आणि स्वतःभोवती फिरणाऱ्या भागाखाली तयार होतो. आघाडीच्या कडेवर धुळीचे छोटे भोवरेही उठतात, पण ढगाशी जोडलेले नसल्यामुळे त्यांना टोर्नेडो मानत नाहीत. निरभ्र दुपारी तापलेल्या माळावर उठणारी वावटळ तर याहून वेगळी. तिला ढगच लागत नाही.

डॉप्लर रडारवर हवा रडारकडे येते की रडारपासून दूर जाते एवढेच दिसते, पण तेवढे पुरते. येणारी आणि जाणारी हवा रडारपासून सारख्याच अंतरावर, एकमेकींच्या शेजारी दिसली तर फिरणे. येणारी अलीकडे आणि जाणारी त्याच रेषेत पलीकडे दिसली तर पसरणे. वादळाच्या वेळेचे चित्र जपून ठेवले तर ते नकाशावरच्या बाणांशी ताडून पाहता येते.

वादळ प्रत्यक्ष अंगावर येत असताना मात्र हा भेद करत बसू नये. अमेरिकेत ताशी ९३ किलोमीटर वाऱ्याची शक्यता असली की तीव्र गडगडाटी वादळाचा इशारा दिला जातो, आणि २०२१ पासून सुमारे १३० किलोमीटरच्या वाऱ्याचा इशारा टोर्नेडोच्या इशाऱ्याप्रमाणेच थेट मोबाइलवर वाजतो. दोन्हींसाठी आसरा एकच आहे: तळघर, ते नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची, खिडक्या नसलेली आतली खोली. डॅलस किंवा शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही खोली वादळाच्या दिवसाआधीच ठरवून ठेवावी.

आपल्याकडच्या वळवाच्या खुणा

महाराष्ट्रात वळवाच्या पावसाआधी येणारा धुळीचा लोट हा बहुतांशी याच खाली कोसळणाऱ्या गार हवेचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत जमिनीलगतची हवा तापलेली आणि कोरडी असल्यामुळे थेंबांची वाफ झपाट्याने होते आणि झोताला जोर चढतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत असाच धुळीचा वारा सुटला. घाटकोपरला एक महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. त्यासाठी टोर्नेडोची गरज पडली नाही. दुसऱ्या बाजूला, भारतीय उपखंडात टोर्नेडो होतच नाहीत असेही समजू नये. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत टोर्नेडो होऊन २८ माणसे दगावली, आणि २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-साटुरिया भागातल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० जणांचा बळी गेला.

झाडे तुरळक असलेल्या भागात पिके हाच पुरावा असतो. आयोवात झोपलेल्या मक्याने जे सांगितले तेच जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या बागा किंवा आपल्याकडचा ऊस सांगू शकतो, कारण ओळीने लावलेल्या सारख्या उंचीच्या पिकाची दिशा दूरपर्यंत स्पष्ट दिसते. केळीच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. घड लागलेले झाड घडाच्या भाराने आधीच एका अंगाला कललेले असते, म्हणून घड न लागलेल्या झाडांच्या दिशा आधी मोजाव्यात. उसाला नुकतेच पाणी दिले असेल तर तो साध्या वाऱ्यानेही लोळतो. तिथे वाऱ्याच्या वेगाचा अंदाज करू नये, दिशा तेवढी घ्यावी.

पंचनाम्यासाठी जी छायाचित्रे काढली जातात त्यांत सहसा नुकसान दिसते, दिशा दिसत नाही. तलाठ्यासोबत शेतात फिरताना प्रत्येक छायाचित्राबरोबर दिशा आणि वेळ लिहून ठेवली, तर त्याच कागदाचा उपयोग हवामान विभागाच्या मुंबई किंवा नागपूर येथील प्रादेशिक केंद्राला कळवण्यासाठीही होतो. तिथे बाणांचा नकाशा, वीज गेल्याच्या वेळा आणि मूळ छायाचित्रे पाठवावीत. बाण विखुरलेले असतील, मोजण्याजोगी झाडे नसतील किंवा राडारोडा आधीच उचलला गेला असेल, तर ‘जोरदार वाऱ्याने नुकसान, प्रकार अनिश्चित’ असे लिहावे आणि ज्या दिशा मोजता आल्या तेवढ्या सोबत द्याव्यात.